अलॉयचा रंग ठरवताना

स्पोर्ट्स कारला नवे अलॉय घ्यायचे ठरले की डिझाइनवर आठवडेच्या आठवडे जातात. पाच स्पोक की दहा, जाळीचं की सरळ, 18 इंची की 19, फोर्ज्ड झेपेल की कास्टवर भागवावं, यावर मित्रांशी वाद होतात, रात्र रात्र फोटो पाहिले जातात. मग दुकानदार विचारतो, “कलर कुठला देऊ?” या प्रश्नाचं उत्तर मात्र काउंटरवर उभ्या उभ्या दिलं जातं. बहुतेक वेळा ते ‘ब्लॅक’ असतं. मला ही घाई पटत नाही. ज्या डिझाइनसाठी एवढे पैसे मोजले, ते डोळ्यांना किती दिसणार हे शेवटी रंगच ठरवतो.

अलॉय बसतो कुठे, ते पाहा. बाहेरून काळा टायर, वर व्हील आर्चमधला अंधार, स्पोकच्या मागे करडी डिस्क आणि धुळीनं मळलेला कॅलिपर. सगळीकडून काळोख. आकार आपल्याला कळतो तो उजेड आणि सावली यांच्या फरकामुळे. चंदेरी स्पोकच्या एका कडेवर ऊन पडतं, दुसरी कड सावलीत जाते आणि स्पोकचा उतार, मधली खाच, हबकडे वळताना घेतलेला बाक हे सगळं दिसू लागतं. काळ्या रंगावर सावली पडते, पण ती दिसत नाही. ग्लॉस ब्लॅक असेल तर निदान कडांवर चमक तरी उमटते. मॅट ब्लॅकमध्ये तीही नाही. दहा-पंधरा फुटांवरून पाहिलं तर दहा स्पोकचं महागडं फोर्ज्ड चाक आणि साध्या स्टीलच्या रिमवरचं प्लॅस्टिकचं काळं कव्हर यांत फरक ओळखू येत नाही.

मापाचंही तसंच. उजळ रिमची कड टायरच्या काळ्यापासून वेगळी दिसते, त्यामुळे चाक भरलेलं, मोठं वाटतं. काळ्या रिमची कड टायरमध्ये मिसळून जाते आणि 19 इंची चाक 17 इंची वाटायला लागतं. मधला भाग गडद आणि बाहेरची कड पॉलिश केलेली असेल तर मधला भाग मागे सरकल्यासारखा दिसतो, चाकाला खोली येते. जर्मनीतल्या शिल्टाखच्या बीबीएस कंपनीचं 1983 सालचं आरएस हे जाळीचं चाक आजही लोक जुन्या गाड्यांसाठी शोधत फिरतात. बारीक जाळी सोनेरी आणि भोवती आरशासारखी कड, अशी त्याची सर्वांत ओळखीची जोडी आहे. त्या जाळीला काळा रंग दिला तर तिचे निम्मे दुवे दिसेनासे होतील.

यातून हाती धरण्यासारखा एक नियम निघतो. डिझाइन जितकं बारीक, तितका रंग उजळ घ्या. जाळी, अनेक पातळ स्पोक, कडेला बोल्ट असलेली जोडचाकं यांना चंदेरी, हलकं सोनेरी किंवा पांढरं शोभतं. पाच-सहा जाड स्पोकचं साधं चाक गडद रंग पेलू शकतं, कारण त्याचा आकार रेषेपेक्षा मोकळ्या जागेतून कळतो. जपानच्या रेज कंपनीचं 1996 मध्ये आलेलं टीई37 हे सहा स्पोकचं चाक ब्राँझमध्ये एवढं खुलतं ते यामुळेच. काळ्याला माझा सरसकट विरोध नाही. पिवळ्या किंवा पांढऱ्या गाडीवर, जाड स्पोकच्या चाकाला, मागे लाल किंवा पिवळा मोठा कॅलिपर असेल तर काळा रंग उत्तम काम करतो. तिथे तो स्वतः बाजूला होऊन कॅलिपरला पुढे आणतो. फक्त तो विचार करून घेतलेला असावा.

ब्राँझ आणि सोनेरी रंग शर्यतीच्या चाकांवर आले, त्यामागे सजावटीपेक्षा धातूची गरज होती. जुनी रेसिंगची चाकं मॅग्नेशियमची असत. आपल्याकडे गॅरेजमध्ये अजूनही अ‍ॅल्युमिनियमच्या अलॉयला सर्रास ‘मॅग व्हील’ म्हणतात, ते नाव तिथून आलं. मॅग्नेशियम हलकं, पण फार लवकर गंजतं. ते टिकावं म्हणून त्यावर क्रोमेटची रासायनिक प्रक्रिया करत आणि तिच्यामुळे धातूवर पिवळसर-तपकिरी झाक चढे. पुढे चाकं अ‍ॅल्युमिनियमची झाली, प्रक्रियेची गरज संपली, पण शर्यतीची गाडी म्हणजे तो तांबूस-सोनेरी रंग हे नातं लोकांच्या मनात पक्कं झालं. स्पोर्ट्स कारवर ब्राँझ चाक ओढूनताणून आणल्यासारखं दिसत नाही, याचं कारण या इतिहासात आहे.

आता गाडीच्या रंगाकडे वळू. इथे सर्वांत जास्त शिकण्यासारखं उदाहरण सुबारू इम्प्रेझाचं आहे. 1993 मध्ये ही गाडी जागतिक रॅलीत उतरली तेव्हा तिचा प्रायोजक 555 हा सिगारेट ब्रँड होता. निळी गाडी, तिच्यावर पिवळी अक्षरं आणि खाली सोनेरी चाकं. 1995 मध्ये स्कॉटलंडचा कॉलिन मॅकरे याच गाडीतून जगज्जेता झाला, कंपनीनं 1995 ते 1997 अशी सलग तीन वर्षं उत्पादकांचं विजेतेपद मिळवलं आणि ही जोडी गाडीवेड्यांच्या मनात कायमची बसली. 1998 मध्ये जपानच्या बाजारासाठी 400 गाड्यांपुरती काढलेली 22बी आली, तीही निळी आणि बीबीएसच्या सोनेरी चाकांवरच. पण ही जोडी नुसत्या विजयामुळे बसलेली नाही. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी-पिवळा पट्टा येतो. सोनेरी आणि ब्राँझ दोन्ही त्या पट्ट्यातले. समोरासमोरचे रंग एकमेकांना उजळ करतात: निळा आणखी निळा दिसतो, सोनं आणखी तापल्यासारखं. आणि सोनेरी रंगाची नोंद गाडीच्या अंगावर पिवळ्या अक्षरांत आधीच होती, त्यामुळे चाकं उपरी वाटली नाहीत.

ही शेवटची गोष्ट फार कामाची आहे. चाकाचा रंग निवडताना त्याचा एखादा नातलग गाडीवर शोधा. खिडक्यांभोवतीची पट्टी क्रोमची आहे की काळी? आरशांची कव्हरं, मागचा स्पॉयलर, एग्झॉस्टचं तोंड, बॅज, सीटची शिलाई, कॅलिपर, यांपैकी कुठेतरी तो रंग किंवा त्याची जवळची छटा असली की गाडी एका हातची वाटते. 1973 च्या पोर्शे 911 करेरा आरएस 2.7 मध्ये हे अगदी उघड दिसतं. गाडी पांढरी, दारांच्या खालच्या भागावर ‘करेरा’ हे नाव निळ्या, लाल किंवा हिरव्या अक्षरांत आणि फुक्स चाकांचा मधला भाग बरोबर त्याच रंगाचा. निळं चाक एरवी कुणाला सुचलं नसतं. अक्षरांमुळे ते पटतं. नातलग सापडत नसेल तर एखादा निर्माण करता येतो, उदाहरणार्थ कॅलिपर किंवा बॅज त्या रंगात करून घेणं. पण एकच करा. चाकं ब्राँझ, कॅलिपर लाल, नट निळे आणि व्हॉल्व्हची टोपणं हिरवी झाली की नजर कुठेच ठरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. साडीचा काठ एक तर अंगाच्या रंगातला असतो किंवा ठसठशीत विरोधी. जवळपासचा पण न जुळणारा काठ लगेच खुपतो. चाकांचंही तेच. करड्या गाडीवर तिच्याच चढ्या-उतरत्या छटेचं करडं चाक घातलं आणि फरक थोडाच राहिला, तर ‘मॅचिंग जमलं नाही’ असं दिसतं. एक तर नेमकी तीच छटा गाठा, नाही तर दोन पायऱ्या दूर जा. करड्या आणि चंदेरी गाड्यांच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. अशा थंड रंगाला ब्राँझ ऊब देतो, हा माझा आवडता उपाय आहे. गडद करड्या गाडीला उजळ चंदेरी चाक घाला, तेही छान दिसतं, आणि चंदेरी हा जुनाट रंग आहे ही समजूत सोडून द्या. चाकाचा आकार जसाच्या तसा दाखवणारा त्याच्याइतका प्रामाणिक रंग दुसरा नाही.

पांढऱ्या गाडीवर जवळजवळ काहीही चालतं, म्हणून तिच्या मालकानं अधिक संयम ठेवायला हवा. पांढऱ्यावर पांढरं ही जोडी होंडाच्या 1995 च्या इंटिग्रा टाइप आरवर दिसते. त्या मंद पिवळसर पांढऱ्याला कंपनी चॅम्पियनशिप व्हाइट म्हणते आणि त्याचं मूळ 1965 च्या मेक्सिकन ग्रां प्रीत जिंकलेल्या होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीत आहे. पांढरं चाक घेताना छटेकडे लक्ष द्या: निळसर पांढऱ्या गाडीवर मलईसारखं पांढरं चाक मळकट दिसतं.

लाल गाडीवर गनमेटल आणि चंदेरी दोन्ही उठून दिसतात. ब्राँझ मात्र जपून. लाल आणि ब्राँझ दोघेही उबदार, जवळचे. लाल गडद, मरून झाकेचा असेल तर जमतं, टोमॅटोसारख्या उघड लालवर ब्राँझ बहुधा गढूळ वाटतो. त्यापेक्षा फिकट, पिवळसर सोनेरी बरा. गर्द हिरव्या गाडीवर सोनेरी चाक इतकं सुंदर दिसतं की ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एकदा तरी ते घालून पाहावं. काळ्या गाडीवर काळी चाकं घातली की सगळाच आकार हरवतो. काळ्याला सोनं कसं साथ देतं ते 1972 पासून जॉन प्लेअर स्पेशलच्या रंगांत धावलेल्या लोटसच्या शर्यतीच्या गाड्या पाहिल्या की कळतं. पिवळ्या आणि नारिंगी गाड्या स्वतःच इतक्या बोलक्या असतात की त्यांना गडद, शांत चाक पुरतं.

रंग ठरला तरी काम अर्धंच झालं, कारण दुकानात ‘गनमेटल’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू मिळतात: ग्लॉस, सॅटिन, मॅट आणि डायमंड कट. दिसण्यात आणि टिकण्यात या चौघांचं एकमेकांशी काही नातं नाही.

डायमंड कट चाक शोरूममध्ये सर्वांना भुरळ घालतं. आधी चाक रंगवतात, मग लेथवर त्याचा समोरचा भाग बारीक कापून खालचं अ‍ॅल्युमिनियम उघडं करतात आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर देतात. उन्हात त्या बारीक रेषांवर इंद्रधनुष्यासारखी झळाळी येते. अडचण अशी की त्या उघड्या धातूचं सगळं रक्षण फक्त त्या पातळ लॅकरवर अवलंबून असतं. कापलेल्या कडेवर लॅकर आणखी पातळ बसतो. रस्त्यावरची खडी उडून एक टवका उडाला, फुटपाथला कड घासली किंवा टायर बदलताना मशीनचा ओरखडा गेला की पाणी आणि मीठ आत शिरतं. लॅकरखाली पांढरट, दुधी रेघा सरपटत पुढे जाऊ लागतात. वरून कितीही धुतलं तरी त्या जात नाहीत, कारण त्या थराच्या आत असतात. दुरुस्ती म्हणजे पुन्हा लेथवर चढवणं, आणि दर वेळी थोडा धातू जातो. एक-दोनदा, फार तर तीनदा हे करता येतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा समुद्राकाठच्या ठिकाणी गाडी उघड्यावर राहणार असेल, किंवा हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या शिकागो, टोरांटो, म्युनिकसारख्या शहरात तुम्ही राहत असाल, तर डायमंड कटच्या वाटेला जाऊ नका. मीठ पडणाऱ्या शहरांत स्पोर्ट्स कारला हिवाळी टायरांसाठी वेगळी चाकं लागतातच. त्यांना साधा चंदेरी रंगच द्या आणि हौशीचा सेट उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

मॅट चाकाला पॉलिश आणि मेण वर्ज्य. घासलं की तेवढाच भाग चमकतो आणि तो डाग कायमचा. बारीक ओरखडा ग्लॉसवरून पॉलिशनं काढता येतो, मॅटवरून येत नाही. ग्लॉस ब्लॅकवर उलट त्रास: पुसताना उठलेली प्रत्येक गोल रेघ उन्हात दिसते. लॅकर न दिलेलं पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम सुंदर, पण त्याला मालकाच्या हातची नियमित मेहनत लागते; ती आवडत असेल तरच घ्या. क्रोमबद्दल एवढंच सांगेन की वजनासाठी धडपडणाऱ्या गाडीवर मी ते सुचवणार नाही. हे सगळं तोलून पाहिलं तर रोज चालणाऱ्या गाडीला सॅटिन, किंवा धातूचे बारीक कण असलेलं ग्लॉस, यांच्याइतकं समजूतदार फिनिश नाही.

धुळीचा विचार रंगाबरोबरच करायला हवा, कारण आठवड्यातले निम्मे दिवस तुम्ही चाकाचा रंग न पाहता त्याच्यावरची धूळच पाहणार आहात. स्पोर्ट्स कारचे पॅड पकड घेण्यासाठी बनवलेले असतात, त्यात लोखंडाचा अंश पुष्कळ. ब्रेक दाबला की पॅड आणि बिडाची डिस्क दोन्ही झिजतात आणि गरम लोखंडी कण चाकावर बसतात. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून पुढची चाकं मागच्यांपेक्षा नेहमी जास्त काळी. हे कण नुसते बसून राहिले तर ओलाव्यानं गंजतात आणि रंगात रुतून बारीक तपकिरी ठिपके होतात. पांढऱ्या आणि फिकट चाकांवर ते सर्वांत आधी दिसतात. बुद्ध सर्किटवर किंवा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यानं पांढरी चाकं घेतली तर त्याच संध्याकाळी ती धुण्याची तयारी हवी. सिरॅमिक पॅड रस्त्यावरच्या वापरात कमी आणि फिकट धूळ सोडतात. ट्रॅकवर जात नसाल तर पॅड बदलणं हा चाकाचा रंग बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय ठरू शकतो.

काळा रंग मळ लपवतो, ही समजूत मला जागोजागी भेटते. ब्रेकची धूळ काळ्यावर करडी-तपकिरी दिसते आणि सुकलेल्या पाण्याचे डाग तर पांढरे ठसठशीत. मळ सर्वांत चांगला लपतो तो गनमेटलवर, कारण धुळीचा रंग जवळजवळ तोच असतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाची लाल धूळ असते; तिथे ब्राँझ दोन धुण्यांमधले दिवस निभावून नेतो. म्हणजे तुम्ही कुठे राहता, गाडी कुठून कुठे जाते आणि चाकं कोण धुणार, हे दुकानात जाण्याआधी ठरलेलं असावं. सोसायटीत सकाळी एकाच फडक्यानं आणि एकाच बादलीनं दहा गाड्या पुसल्या जातात, त्या पद्धतीत ग्लॉस ब्लॅक महिन्याभरात खराब होतं.

धुण्याची रीत साधी आहे. चाक थंड होऊ द्या. घाट उतरून आल्यावर तापलेल्या डिस्कवर पाण्याचा फवारा मारू नका. चाकांसाठी वेगळी बादली आणि वेगळा हातमोजा ठेवा, गाडीच्या अंगाला तो लावू नका. आधी पाण्यानं सैल धूळ जाऊ द्या, मग सौम्य शाम्पू. रुतलेल्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. लोखंडाशी संयोग होऊन तो जांभळा होतो आणि रंग ओघळू लागला की धुवून टाकायचा, चाकावर वाळू द्यायचा नाही. स्वस्त अ‍ॅसिडचे क्लीनर मात्र उघड्या धातूचं आणि जुन्या लॅकरचं नुकसान करतात.

विकत घेण्याआधी रंग पारखायचा कसा? मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका, कारण एका कंपनीचा ब्राँझ चॉकलेटी असतो, तर दुसरीचा तांब्यासारखा. दुकानदाराकडे त्या रंगातलं एक तरी खरं चाक मागा. ते बाहेर आणा, गाडीच्या पुढच्या फेंडरला न टेकवता टायरला लागून उभं करा आणि वीस-पंचवीस फूट मागे जा. उभे राहून पाहा. आपण चाक निवडताना उकिडवे बसून दोन फुटांवरून पाहतो, पण गाडी कुणी तसं पाहत नाही. भर दुपारी एकदा, सावलीत एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा. पार्किंगच्या पिवळ्या दिव्याखाली ब्राँझ आणि गनमेटल यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. गाडी प्रामुख्यानं संध्याकाळीच बाहेर काढत असाल तर हे कळलेलं बरं. घरच्या जुन्या चाकांवर रबरासारखा सोलून काढता येणारा पेंट फवारून महिनाभर वापरता येतो. त्याचं फिनिश शेवटच्या रंगासारखं देखणं नसतं, पण गडद की उजळ एवढा प्रश्न त्यातून नक्की सुटतो.

नवी चाकं न घेता आहेत तीच रंगवायची असतील तर पावडर कोटिंग करा, डबा-स्प्रेच्या रंगापेक्षा ते खडीचा मार कितीतरी जास्त सोसतं. इथे मात्र सुरक्षिततेचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चाकावरचा टायर, व्हॉल्व्ह आणि प्रेशरचा सेन्सर काढतात. जुना रंग रसायनानं किंवा बारीक ब्लास्टिंगनं उतरवतात. उघडा झालेला धातू करडा, खरबरीत दिसतो आणि हीच वेळ असते चाकाची आतली कड बोट फिरवून, उजेडात धरून तपासायची. खड्ड्यांत आपटून पडलेली केसासारखी चीर रंगाखाली दिसत नाही, इथे दिसते. मग चाक हुकाला टांगून त्यावर विद्युतभार दिलेली कोरडी पावडर फवारतात. ती पिठासारखी चिकटून बसते, स्पोकच्या मागच्या बाजूलाही वळते. ओव्हनमध्ये साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला ती वितळून एकसंध थर होते.

ते तापमान आणि वेळ कारागिराला आधी विचारून घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला कारखान्यात जी ताकद येते ती उष्णतेच्या प्रक्रियेतून आणि तिचा शेवटचा टप्पा साधारण 150 ते 180 अंशांचा असतो. त्याच्या वर फार वेळ किंवा पुन्हा पुन्हा भाजलं तर ती ताकद उतरू लागते. आणि जुना रंग भट्टीत जाळून काढणारा कारागीर असेल तर चाकं उचला आणि घरी या. तिथलं तापमान याच्या कितीतरी वर जातं, चाक बाहेरून ठाकठीक दिसतं आणि आतून मऊ झालेलं असतं. फोर्ज्ड चाकांच्या बाबतीत त्या कंपनीच्या सूचना वाचल्याशिवाय ओव्हनपर्यंत जाऊच नका.

हबला टेकणारा सपाट भाग आणि नट बसतात त्या वाट्या झाकूनच पावडर मारायला सांगा. तिथे जाड थर राहिला तर नट आवळल्यावर तो थर दबतो, काही किलोमीटरनंतर नट सैल होतात. कोटिंगनंतर पहिल्यांदा चाकं लावली की 80 ते 100 किलोमीटरवर टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा. ऑर्डर देताना ‘डार्क ग्रे’ असं तोंडी सांगू नका. पावडरच्या रंगांना आरएएल क्रमांक असतात, तो बिलावर लिहून घ्या. 7016 म्हणजे अँथ्रासाइट, 9006 म्हणजे चंदेरीसारखा, 9005 म्हणजे गडद काळा. चारही चाकं एकाच वेळी, एकाच पावडरच्या खोक्यातून करा. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं काळीही मिळतात. गडद चाकाच्या आत चंदेरी वजनांची रांग चमकत राहणं टाळता येतं. मधलं टोपण आणि नट कोणत्या रंगाचे हेही त्याच दिवशी ठरवा.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे आरसीवर गाडीच्या बॉडीचा रंग नोंदलेला असतो, चाकांचा नाही. चाकाचं माप मात्र निराळी बाब आहे. कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नका, चाक फेंडरच्या बाहेर डोकावता कामा नये. पीसीडी, ऑफसेट, मधल्या भोकाचा व्यास आणि भार पेलण्याची क्षमता हे चारही आकडे जुळल्याशिवाय रंगावर बोलणंच व्यर्थ. जपानी चाकावर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे शिक्के कोरलेले असतात, भारतीय मानकाच्या चाकावर आयएसआय चिन्ह. ते बोटानं चाचपून पाहा. जर्मनीत राहणाऱ्यांना चाकासोबत मान्यतेची कागदपत्रं जपावी लागतात, नाहीतर टीयूव्ही या तपासणी संस्थेकडे गाडी अडते. आणि विमा कंपनीला नव्या चाकांची माहिती बिलासकट द्या, नाहीतर चोरी किंवा अपघातात भरपाई मूळ चाकांच्या हिशेबानं होते.

एक प्रश्न दुकानातून निघण्याआधी विचारायचा राहू देऊ नका: हा रंग दोन वर्षांनी मिळेल का? आपल्या रस्त्यांवर एखादं चाक वाकणं ही शक्यता गृहीतच धरायला हवी. साधं चंदेरी, गनमेटल किंवा काळं एक चाक नंतर मागवता येतं, त्याची छटा जुळते. कँडी रेड, निळसर क्रोम, तीन थरांचा मोतिया अशा रंगांचं एकच चाक पुन्हा जुळवणं फार कठीण. कोटिंग केलं तर चारही पुन्हा करावी लागतात. मर्यादित काळासाठी काढलेला खास रंग घेत असाल तर परवडत असल्यास पाचवं चाक त्याच वेळी घ्या. कंपनीची मूळ चाकं विकू नका. धुऊन, कोरडी करून, मध्ये जाड फोम घालून आडवी रचून ठेवा. गाडी विकायची वेळ येते तेव्हा नव्या मालकाला तुमचा ब्राँझ आवडेलच असं नाही, पण मूळ चारही चाकं सोबत मिळताहेत म्हटल्यावर व्यवहार सोपा होतो, आणि हौशीचा सेट तुम्हाला पुढच्या गाडीसाठी किंवा वेगळा विकण्यासाठी हाताशी राहतो.